खालच्या रानातली गोकर्णी

९ जुलै

पेरून झालं. आता मागे फिरता येत नाही, म्हणून ही वही.

मोजमापांची वही वेगळी आहे. तिच्यात ओळी, अंतरं, पावसाचे मिलिमीटर. इथे भीती.

आधी करार लिहून ठेवते, नंतर कुणी फिरवायला नको. खालचं रान चार एकर. तिथे आपोआप जे गवत उगवायचं ते गाई नाइलाजाने खायच्या, पाहुण्यांकडचं बेचव खावं तसं. मी ते मोडलं. आता तिथे गिनी गवत आणि दर दोन ओळींच्या मध्ये गोकर्णी. तीच ती निळ्या फुलांची वेल. गवत पोट भरतं, गोकर्णी ताकद देते. तिच्या मुळांवर बारीक गाठी धरतात, गाठींत जिवाणू राहतात आणि ते हवेतला नत्र खाली आणतात. म्हणून वरून युरिया टाकायचा नाही. चिमूटभरसुद्धा नाही. टाकला तर गवत माजतं आणि वेलीला गिळतं. वेलीलाही आयतं मिळालं की ती गाठी धरायचा आळस करते. हे मी मामांना तीनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "अगं, मी लंगडा झालोय, बहिरा नाही."

मामांचा गुडघा फेब्रुवारीत कामातून गेला. कोरड्या महिन्यांत बाहेरून गवत कापून आणणं त्यांना आता जमणार नाही आणि माझ्या एकटीच्याने तेरा गाईंचं होणार नाही. म्हणून ठरलं ते असं: सप्टेंबर संपायच्या आत गाई खालच्या रानात चरायला लागल्या तर गोठा राहील. नाहीतर व्यापारी तेराच्या तेरा घेऊन जाईल. हे बोलताना मामा माझ्याकडे बघत नव्हते, खुंटीवरच्या दाव्याकडे बघत होते.

मामी म्हणाली, "गाईंना फुलं चारणार ही. मग त्या दूध कशाला देतील, गुच्छच देतील."

१७ जुलै

गवत उगवलं. गोकर्णी नाही.

तिचं बी टणक कवचाचं, पेरायच्या आधी गरम पाण्यात ठेवावं लागतं. किती गरम? कॉलेजात चारा-पिकं शिकवणारे आमचे सर म्हणाले होते, "हात बुडवल्यावर पटकन काढावासा वाटेल इतकं." सरांचा हात आणि माझा हात सारखा आहे का? मी लहानपणापासून गरम दुधाच्या किटल्या उचलते. मला उकळतं पाणीही कोमटच वाटत असेल.

बी शिजवलं मी. चार एकरांची उसळ केली.

१९ जुलै

शंभर पावलांच्या एका ओळीत: सात.

२० जुलै

एकतीस!

२१ जुलै

मोजणं बंद. मामी म्हणते मी ओणवी होऊन चालते, रानात काहीतरी हरवलंय असं लोकांना वाटतं.

१४ ऑगस्ट

इतके दिवस लिहिलं नाही कारण बरं चाललं होतं. बरं चाललेलं लिहायला हात वळत नाही.

आता गवत पिवळं पडतंय. कडेने नाही, सगळीकडे. खालची पानं आधी. याचा अर्थ मला पाठ आहे, पेपरात लिहून मार्क मिळवलेत: नत्र कमी. जमीन भुकेली आहे आणि गोकर्णीचं अजून तिचं तिलाच पुरत नाही. थांबायचं, एवढंच करायचं. थांबणं हे काम मला येत नाही.

मामा फाटकापाशी काठीवर रेलून बराच वेळ उभे होते.

"भुकेजलंय ते."

"मामा, थांबा ना थोडं."

"मी काय करतोय? उभाच आहे."

"तुमचं उभं राहणंसुद्धा बोलल्यासारखं असतं."

"मग डोळे मिटून उभा राहू?"

आणि खरंच मिटले. मला हसू आलं, मग वाटलं, गेलं, हे सगळं गेलं. त्यांनी आयुष्यभर पिवळ्याला हिरवं केलं ते माझ्यासारखं पुस्तक वाचून नाही.

२१ ऑगस्ट

एक चांगली गोष्ट. मामा कालपासून सकाळी फिरायला जायला लागले. डॉक्टरांनी गुडघ्यासाठी सांगितलं होतं तेव्हा ऐकलं नव्हतं. आता मी गोठ्यात दूध काढत असते तेवढ्यात खालच्या रानाची पायवाट धरतात आणि माझं आटपेपर्यंत परत येतात. घामाघूम, पण चेहऱ्यावर काहीतरी उरकल्याचं समाधान.

मामी: "मला म्हणतात भाजी आणायला पाय उचलत नाही. आणि बादली घेऊन रानात?"

मामा: "येताना कोवळं गवत आणतो वासरांना."

मामी: "काल आणलेलं दिसलं नाही, आजही नाही."

मामा: "विसरलो."

वय झालं त्यांचं. मी मामीला खुणेने गप्प केलं. हिंडतायत तर हिंडू दे.

२९ ऑगस्ट

हिरवं!!

पायवाटेच्या दोन्ही बाजूंनी गवत असं हिरवं झालंय की काळपट दिसतं. दहा दिवसांत. मी ओळीत आडवी पडून बघितलं (कुणी बघत नव्हतं). गोकर्णीने दिलं! मी मामांना ओढत नेऊन दाखवलं, "बघा, म्हणाले होते ना थांबा." ते म्हणाले, "बघितलं. छान झालं." आणि लगेच घरी जायला वळले. त्यांना कौतुक करता येत नाही, गाईंचंसुद्धा ते पाठ फिरवून करतात.

सरांना फोन केला. खूश व्हायच्या ऐवजी त्यांनी विचारलं,

"किती दिवसांची वेल आहे?"

"पन्नास."

"पन्नास दिवसांत वेल शेजाऱ्याला वाढत नाही गं. तिचं तिलाच होत नाही. दोन-चार उपटून मुळं बघ. गाठी गुलाबी आहेत का ते बघ."

मी हो म्हटलं. उपटली नाही. एकेक वेल मी कवचातून बाहेर येताना मोजलीय, सरांच्या शंकेसाठी कशी उपटू? शिवाय गवत हिरवं दिसतंय. डोळ्यांना दिसतं त्याला पुरावा कशाला?

६ सप्टेंबर

दोन काळज्या.

एक: गवत माझ्या खांद्याला लागलंय आणि गोकर्णी त्याच्या पोटात हरवलीय. वेल गवतावर चढून वर यायला हवी. ती खाली, फिकी, लांबट, तळघरात वाढवल्यासारखी.

दोन: पायवाटेजवळच्या पात्यांवर पांढुरके करपलेले ठिपके. रोग म्हणावा तर पसरत नाही. थेंब सुकावेत तसे. पुस्तकात सापडला नाही.

पलीकडे, जिथे जमीन एकदम खाली घसरते तो अर्ध्या-पाऊण एकराचा उतार, तिथे उलटं. गवत अजून पिवळट, कमरेएवढंच, आणि गोकर्णी त्याच्यावर चढून फुललीय. निळंच निळं. उताराची माती नापास म्हणून मी मोजमापांच्या वहीत शेरा मारला. फुलं बघून गाईंचं पोट भरत नाही, मामी म्हणते ते खरं.

१३ सप्टेंबर

घरात बादलीवरून महाभारत. मामीची निळी बादली हरवलीय. मामांना विचारलं तर म्हणाले, रानात असेल. "रानात माझ्या बादलीचं काय काम?" यावर त्यांनी खोकून वेळ काढला.

आज गवत कापून वजन केलं. चार दिवसांनी गाई सोडायच्या. करारापेक्षा तेरा दिवस आधी! दर गाईमागे एक दिवस शिल्लक. असले हिशेब मी घाबरले की करते.

१७ सप्टेंबर

घड्याळ मेली.

नीट लिहिते. आमच्या एका गाईचं नाव घड्याळ, कारण ती संध्याकाळी बरोबर पाचला हंबरायची, मिनिटाचा फरक नाही. वयाने सगळ्यांत मोठी. नेहमी पुढे चालायची.

सकाळी आठला फाटक उघडलं. सगळ्या आत धावल्या, घड्याळ तेवढी फाटकापाशी रेंगाळली. तिथे गवतात ती हरवलेली निळी बादली होती, कालच्या पावसाने अर्धी भरलेली, आणि घड्याळ तिच्यात तोंड घालून पीत होती. चरायचं सोडून पाणी काय पितेस म्हणून मी तिला ढकलत आत नेलं. तिने गोकर्णीचे पाच-सहा घास घेतले, मी बघितले, मी स्वतः तिच्या तोंडासमोर वेल धरली.

अर्ध्या तासात ती थरथरायला लागली. पाय आखडले. तोंडाला फेस. डावी कूस ढोलासारखी फुगली. बाकीच्या बारा मजेत चरत होत्या. मी बाराही जणींना बाहेर हाकललं, ओरडत, रडत. गुरांचे डॉक्टर वीस मिनिटांत आले. त्यांनी पोटात नळी घातली, पण ती तोवर पडली होती.

डॉक्टर म्हणाले, "युरिया कुठे उघडा होता का? चाटला-बिटला?"

मी म्हटलं, "शक्यच नाही. या वर्षी आम्ही युरिया वापरतच नाही. गेल्या वर्षीच्या दोन गोण्या आहेत त्या गोदामात कुलपात."

ते मामांकडे बघत होते. मामा घड्याळच्या शिंगाला धरून बसले होते, त्यांनी मान वर केली नाही.

"मग कोवळं शेंगवर्गीय खाऊन फुगलं असेल," डॉक्टर म्हणाले. "या वेलीने सहसा होत नाही. पण होऊ शकतं."

होऊ शकतं. मी तिच्या तोंडासमोर धरली होती.

परत येताना बादली रिकामी केली, विसळून मामीला दिली. निदान ती तरी सापडली.

१८ सप्टेंबर

पाच वाजले ते कुणाला कळलं नाही.

२० सप्टेंबर

मामा माझ्याशी बोलत नाहीत. बरोबरच आहे. जेवतही नाहीत, ताटावर बसतात आणि पाणी पिऊन उठतात. फिरणं बंद केलंय. गोठ्यात जाऊन नुसते उभे राहतात.

मी त्यांना म्हटलं, "मामा, मला ओरडा तरी."

ते म्हणाले, "कशाबद्दल?"

इतकं मोठं मन मला सहन होत नाही.

मी ठरवलंय. पंचवीसला ट्रॅक्टर येईल, रान नांगरून टाकायचं. ज्या रानात विषारी वेल आहे तिथे मी एकही गाय नेणार नाही. व्यापाऱ्याला सत्तावीसची तारीख दिली, बारा गाई. मामीने ऐकलं आणि पहिल्यांदाच टोमणा मारला नाही. मामा म्हणाले, "घाई कशाला?" माझ्या समाधानासाठी म्हणाले असतील.

२३ सप्टेंबर

सरांनी सांगितलं होतं, नांगरायच्या आधी वेली मुळासकट पाठव, विष आहे का तपासून घेऊ. आज कुदळ घेऊन गेले.

खालच्या रानात पायवाटेजवळची पहिली वेल. मूळ स्वच्छ, पांढरं, नागडं. एकही गाठ नाही. दुसरी तशीच. दहा उपटल्या, दहा तशाच. म्हणजे तिने गवताला काहीच दिलेलं नाही. मग गवत हिरवं कशाने?

उताराला गेले. तिथल्या पहिल्याच वेलीच्या मुळावर मोहरीएवढ्या गाठी, माळ ओवल्यासारख्या. नखाने एक फोडली. आत गुलाबी. रक्तासारखी गुलाबी.

मी वेड्यासारखी उपटत सुटले. दर पाच पावलांवर एक. मोजमापांच्या वहीत खूण: गाठ नाही तिथे फुली, गाठ आहे तिथे गोल. दुपारपर्यंत पान भरलं. फुल्या पायवाटेच्या दोन्ही बाजूंनी, हात लांबवून मूठ फेकली तर जाईल तेवढ्या पट्ट्यात. पट्ट्याच्या बाहेर गोल. आणि उताराच्या तोंडाशी फुल्या एकदम थांबतात. काठी टेकणारा माणूस जिथून परत फिरेल, बरोबर तिथे.

मी तिथेच खाली बसले.

करपलेले ठिपके: दव पडलेल्या पात्यावर युरियाचे खडे. रोज सकाळची फेरी. कोवळं गवत न आणणारी बादली.

बादली.

मी ती विसळून दिली. डॉक्टर विचारत होते तेव्हा मीच छाती पुढे काढून सांगितलं, शक्यच नाही. मामांना बोलायला मी जागाच ठेवली नाही.

२४ सप्टेंबर

बोलले नाही.

सकाळी चारदा त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. काय म्हणू? मामा, तुम्ही मारली? मग ते आयुष्यभर "मी मारली" घेऊन बसतील. नाही बोलले तर उद्या नांगर फिरतो आणि परवाच्या पुढे बारा गाई जातात, आणि इथून पुढे कुणीही गोकर्णी म्हटलं की लोक म्हणतील, ती? तिने गाय मारली होती. आणि मीही मान डोलवीन.

आणि राग. तोही लिहायला हवा. तीनदा सांगितलं होतं मी. तीनदा. माझ्यावर एवढाही भरवसा नव्हता? मी नापास होणार हे त्यांनी ऑगस्टमध्येच ठरवून टाकलं होतं?

मामी कपडे वाळत घालत होती. मी जवळ गेले तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "गोदामाची किल्ली खुंटीवर उलटी टांगलेली असते हल्ली. मी सरळ करते, परत उलटी."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. चिमटे दे."

उपटलेल्या वेलींचे दोन जुडगे करून ओट्यावर ठेवले. एक नागड्या मुळांचा, एक गाठींचा. झाकले नाहीत. चिठ्ठीही लावली नाही. मामा तिथूनच चहाला येतात.

२५ सप्टेंबर

साडेसातला ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवाला घाईत, पुढचं काम दहाला म्हणाला.

ओट्यावर मामा बसलेले. दोन्ही जुडगे त्यांच्या मांडीवर. गाठी त्यांनी एकेक करून फोडल्या होत्या, अंगठ्याला गुलाबी डाग.

"वही आण," म्हणाले.

मी मोजमापांची आणली.

"ही नाही. ज्यात खरं लिहितेस ती."

त्यांना कसं माहीत ते विचारलं नाही. ही आणली. मामी दारात येऊन उभी राहिली. पुढचं त्यांनी सांगितलं तसं, शब्द माझा एकही नाही:

"वीस ऑगस्टपासून मी रोज खालच्या रानात युरिया टाकला. रोज अर्धी बादली. पायवाटेने, दोन्ही बाजूंना. उतारावर नाही टाकला, तिथे पाय ठरत नाही. सोळा सप्टेंबरला पाऊस आला म्हणून अर्धी बादली फाटकापाशी सोडून घरी पळालो. पळालो म्हणजे माझ्या हिशेबाने. बादलीत पाणी भरलं. ते गाय प्याली. वेलीने काही केलेलं नाही. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी तिथेच होतो. बोललो नाही."

मी लिहायची थांबले. ते म्हणाले, "थांबू नकोस, राहिलंय."

"का टाकला ते लिहू?"

बराच वेळ त्यांनी अंगठा धोतराला पुसला. "पिवळं बघवलं नाही, लिही."

"एवढंच?"

"गवत बघवलं नाही का तुझा चेहरा, ते मला तरी कुठे कळतंय. एवढंच लिही."

मग म्हणाले, परत वाच. मी वाचलं. "बोललो नाही" इथे त्यांनी हात वर केला, "त्याच्यापुढे 'आठ दिवस' घाल." घातलं: आठ दिवस.

मामी दारातून म्हणाली, "आता जेवणार का माणसासारखं? का तेही लिहून घ्यायचंय?" आणि आत गेली. आत भांडं पडल्याचा आवाज आला.

"काका," ट्रॅक्टरवाला म्हणाला, "नांगरू का जाऊ?"

"जा."

तो काहीतरी पुटपुटत गेला. मी मामांना सांगितलं ते कोरडं सांगितलं, कारण दुसऱ्या कसल्याही आवाजात मला सांगता आलं नसतं. खालचं रान यंदा अर्धंच कामी येईल. गवत माजलंय, ते कापून खाली उजेड जाऊ दिला तर काही वेली वर येतील, सगळ्या नाही. उतार चांगला आहे, पण लहान आहे. दोन्ही धरून कोरड्या महिन्यांत सात गाई निभतील. बारा नाही.

"आणि टाकला नसता तर?"

मला खोटं बोलायचं होतं. "बाराही निभल्या असत्या का, सांगता येत नाही. कदाचित दहा."

त्यांनी मान हलवली, हिशेब पटल्यासारखी. "व्यापाऱ्याला फोन कर. बारा नाही, पाच. नावं लिहून घे, म्हणजे त्या दिवशी माझी जीभ फिरायला नको."

त्यांनी नावं सांगितली. प्रत्येक नावाआधी गोठ्याकडे बघत होते, बघून मग सांगत होते.

१. काजळी
२. पाहुणी
३. बुटकी
४. काजळीची थोरली

मग काठी उचलली आणि उठले. "पाचवं तू लिही. दूध तू काढतेस."

दुपार झाली. संध्याकाळचं दूध काढून आले. बाराजणी. प्रत्येकीच्या कासेला हात लावला तेव्हा वाटलं, ही नाही.

५.